ड्रमचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता

आमच्या कंपनीत दर सोमवारी सकाळी दहा वाजता सगळे गोल करून बसायचे. कंपनी म्हणजे वसमतजवळचा, शेतकऱ्यांच्या भागीदारीतला हळदीचा कारखाना. एक लांब पत्र्याचं शेड, पुढे वाळवणासाठी सिमेंटचं पटांगण, आत पॉलिशचा ड्रम आणि कोपऱ्यात दोन खोल्यांचं ऑफिस. शिजवून वाळवलेली हळद त्या मोठ्या लोखंडी ड्रममध्ये टाकून फिरवली की वरची मळकट साल घासून निघते आणि हळकुंड पिवळं होऊन बाहेर पडतं. मग बायका ते निवडायला बसतात. मी ऑफिसचं काम करायचे. पत्रं, कॉम्प्युटर आणि सोमवारच्या बैठकीची वही.

गोल ही सरांची कल्पना. सर ह्याच भागातले. पुण्याला मोठ्या कंपनीत बरीच वर्षं नोकरी करून परत आले आणि शेतकऱ्यांनी त्यांच्या हाती हा कारखाना दिला. पुण्यात त्यांनी सजग नेतृत्वाचं एक प्रशिक्षण घेतलं होतं. त्याबद्दल ते फार बोलायचे नाहीत, पण ते वागण्यात दिसायचं. चहा आला की ते स्वतः ग्लास भरून सगळ्यांना द्यायचे. कधी आवाज चढवायचे नाहीत, इतके की शेडमध्ये त्यांचं बोलणं ऐकायला माणसाला जवळ जावं लागे. आल्या आल्या त्यांनी आपल्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढून ठेवलं. कोणीही कधीही आत यावं म्हणून. निवडणाऱ्या बायकांमधली सगळ्यांत मोठी, जिला सगळ्या गोरेगावची म्हणायच्या, ती त्यांना म्हणाली, "दार काढलं ते बराबर केलं सर, पण आता तुमी दुपारी डुलकी कुठं काढणार?" सर इतके हसले की त्यांच्या ग्लासातला चहा सांडला.

आमच्याकडे सुनांना त्यांच्या माहेरच्या गावानं ओळखतात. गोरेगावची तशीच आणि जवळ्याचीही तशीच. जवळ्याची म्हणजे जवळा बाजारहून ह्या गावात लग्न होऊन आलेली, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. ड्रममधून निघालेली हळद घमेल्यात भरून बायकांपुढे टाकायचं काम तिचं. त्यामुळे ड्रमच्या सगळ्यांत जवळ तीच असायची. ती आणि ड्रम चालवणारे ऑपरेटर. हे ऑपरेटर तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे तिचे भासरे.

भासऱ्यांसमोर ती बोलत नसे. दिवसभर दोघं सहा हातांच्या अंतरावर काम करायचे, पण ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून, पाठ अर्धी वळवून. त्यांना काही सांगायचं झालं तर ती तिसऱ्या माणसाला सांगायची. "ड्रम रिकामा झाला म्हणावं." मग कोणीतरी म्हणायचं, ड्रम रिकामा झाला, आणि ते मान हलवायचे. यात कोणालाच काही विचित्र वाटत नव्हतं. मलाही नाही. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं, घर वसमतमध्ये, वडील शिक्षक, आमच्या घरात आई कोणासमोर पदर घेत नाही. पण मी स्वतः मोठ्या माणसांसमोर मराठीतही गप्प आणि इंग्रजीतही गप्प. तिच्या गप्प बसण्याला निदान एक कारण होतं.

पहिल्या बैठकीला सरांनी खुर्च्या मांडल्या होत्या. बायका खुर्च्यांच्या मागे जमिनीवर जाऊन बसल्या. भासरे, सासरे, गावातले मोठे खुर्चीवर असताना सुना बरोबरीनं खुर्चीवर कशा बसणार. सरांच्या हे लगेच लक्षात आलं. त्यांनी खुर्च्या उचलायला लावल्या, ताडपत्री अंथरली आणि स्वतः मांडी घालून खाली बसले. मला तेव्हा त्यांचं फार कौतुक वाटलं. आता सगळे सारखे, असं ते म्हणाले. एकेकानं दोन गोष्टी सांगायच्या, आठवड्यात काय चांगलं झालं आणि काय अडलं. कोणी मध्ये बोलायचं नाही. सर सगळ्यांत शेवटी बोलणार.

गोलात बसल्यावर जवळ्याची बरोबर भासऱ्यांच्या समोर आली. खुर्च्यांच्या मागे तिला निदान आडोसा होता. तिची पाळी आली की ती पदराच्या आतून म्हणायची, काही न्हाई, सगळं बराबर हाय. आणि मी वहीत लिहायचे, सर्व ठीक.

पाळीत माझा नंबर नव्हता, कारण मी लिहीत असायचे. सर शेवटी माझ्याकडे बघून विचारायचे, "तुमचं काही?" मी मान हलवायचे. हे मला फार सोयीचं होतं.

उन्हाळ्याचे दिवस होते, हळदीचा जोर होता. एका गुरुवारी मी पाण्याच्या टाकीपाशी बाटली भरत होते. जवळ्याची माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि तिनं आधी शेडकडे पाहिलं. मग म्हणाली की ड्रम फिरवणाऱ्या पट्ट्यावर जी लोखंडी जाळी असते तिचा एक बोल्ट पडला आहे. जाळी लोंबते, खडखड करते. आणि भासरे काय करतात, तर ड्रम चालू असताना जाळी हातानं दाबून बसवतात. दिवसातून चार-पाच वेळा.

"तुमी सरला सांगा मॅडम," ती म्हणाली. "मी सांगितलं असं म्हणू नका. त्यांना वाटंल, भावजय आपल्या चुका काढून राहिली."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं होतं. ऑफिसात गेले तर सर फोनवर होते. नंतर ते बाहेर गेले. शुक्रवारी मी त्यांच्या दार नसलेल्या दारात दोनदा जाऊन उभी राहिले. एकदा त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, काही हवंय का. मी म्हटलं, स्टेपलरच्या पिना संपल्यात. ते मी का म्हटलं हे मला आजही सांगता येत नाही. नाव न घेता सांगायचं तर मला हे कसं कळलं, असं ते विचारतील. मग मी खोटं बोलणार का? त्यापेक्षा सोमवारी कोणीतरी बोलेलच. गोल त्यासाठीच तर आहे. असा मी विचार केला आणि मला बरं वाटलं.

सोमवारी कोणी बोललं नाही. जवळ्याचीची पाळी आली तेव्हा तिनं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाली, काही न्हाई. ऑपरेटरांची पाळी आली. ते म्हणाले, माल बराबर निघून राहिला, तकलीफ काही न्हाई. सर शेवटी बोलले आणि त्यांनी ऑपरेटरांचं कौतुक केलं. म्हणाले, हे जिथे आहेत तिथे मला बघावं लागत नाही. ऑपरेटर खाली बघून हसले. मग सरांनी मला विचारलं, तुमचं काही? मी म्हटलं, काही नाही सर.

वहीत लिहिलं, सर्व ठीक.

बुधवारी सकाळी मी पत्र टाइप करत होते. शेडमधून ड्रमचा आवाज येत होता आणि त्यात ती खडखड. एव्हाना मला ती ओळखू यायला लागली होती. मग खडखड थांबली. ड्रम चालूच होता, फक्त खडखड थांबली. मला वाटलं, बसली वाटतं जाळी. त्यानंतर ड्रमही थांबला, आणि शेडमध्ये जी शांतता झाली तशी कामाच्या वेळी मी कधी ऐकली नव्हती.

मी पोचले तेव्हा जवळ्याची मेन स्विचपाशी उभी होती, तिचा हात अजून खटक्यावर होता. डोक्यावरचा पदर पडला होता आणि तिला ते कळलं नव्हतं. ऑपरेटर खाली बसले होते. उजवा हात त्यांनी डाव्या हातानं मनगटाशी धरला होता आणि तो हात दुसऱ्याच कोणाचा असावा तसे त्याच्याकडे बघत होते. हातावर हळदीचा जाड थर होता, त्यामुळे पहिल्या क्षणी काय झालं ते दिसलंच नाही. मग दिसलं. कोणी ओरडलं नाही. मला वाटायचं अशा वेळी माणसं ओरडतात.

सर धावत आले. ऑपरेटरांनी वर पाहिलं आणि ते सरांना म्हणाले, "माफ करा सर. माल थांबला."

त्या दिवशी मला अनेक धक्के बसले, पण हा मला सगळ्यांत जास्त वेळा आठवतो. सरांनी स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल त्या हाताला गुंडाळला आणि गाडी काढली. ऑपरेटरांची बायको शेताकडून आली, ती आणि जवळ्याची मागे बसल्या. फॉर्म भरायला कोणीतरी हवं म्हणून मी पुढे बसले. गाडी नांदेडच्या दवाखान्याकडे निघाली.

डॉक्टरांनी खूप वेळानं सांगितलं की दोन बोटं गेली, तिसरं अर्धं ठेवता येईल. सर औषधं आणायला खाली गेले होते. आम्ही तिघी बाहेरच्या बाकाजवळ होतो. ऑपरेटरांची बायको बसली होती आणि जवळ्याची, तिची धाकटी जाऊ, भिंतीला टेकून उभी होती. ती एकदम बोलायला लागली, कोणाला उद्देशून असं नाही, समोरच्या भिंतीशी. "आठ दिवसांपासून बघून राहिले मी. जाळी सुटली होती. हातानं दाबत होते. रोज दाबत होते."

मोठ्या जावेनं मान वर केली. "बघून राहिली होतीस?"

जवळ्याचीनं मान हलवली.

"अन् तोंड शिवलं होतं काय तुझं? माझ्या घरात राहून, माझ्या नवऱ्याचा हात जाईस्तोवर बघत बसलीस?"

जवळ्याचीनं माझ्याकडे पाहिलं. मला फक्त एवढं म्हणायचं होतं की तिनं मला सांगितलं होतं. मी फरशीकडे पाहिलं. फरशीवर पांढरे-काळे ठिपके होते. मी अशी असेन असं मला तोपर्यंत माहीत नव्हतं. गप्प, लाजरी, आतल्या गाठीची हे सगळं माहीत होतं. पण असं काही नव्हतं माहीत.

शुक्रवारी गोरेगावचीकडून कळलं की जवळ्याचीला माहेरी नेऊन सोडलं. तिच्या पाच वर्षांच्या मुलीला इथेच ठेवून घेतलं. नवरा काही बोलला नाही, भावाचा हात गेला म्हटल्यावर तो काय बोलणार. मोठ्या जावेनं म्हणे शेजारच्या बायकांसमोर सांगितलं की असली बाई पुन्हा आपल्या उंबऱ्यात नको. गोरेगावची हळद निवडता निवडता हे सांगत होती. शेवटी म्हणाली, "पण लेकरा, मला एक कळंना. आठ दिवस ती कोणालाच कशी बोलली न्हाई? माणूस निदान मोरीत भांडी घासताना तरी बोलतं."

मी ऑफिसात येऊन बसले. शनिवारी वसमतहून मिस्त्री आला आणि त्यानं नवी जाळी बसवली, चारही बोल्ट नवे. शनिवार, रविवार मी घरी आईशीही नीट बोलले नाही. मनात एकच गोष्ट स्पष्ट होती. जवळ्याची परत येणार की नाही, हे मी बोलणार की नाही यावर आहे. दुसरं कोणी ते बोलू शकत नव्हतं. तिनं स्वतः सांगितलं तर आता कोण विश्वास ठेवणार?

सोमवारी गोल बसला. दोन जागा रिकाम्या होत्या. त्या दिवशी एक संचालकही आले होते, मोठे शेतकरी, कंपनीला सगळ्यांत जास्त हळद घालणारे. त्यांनी पाळी वगैरे मानली नाही. बसल्या बसल्या म्हणाले की आभाळ येऊन राहिलं आहे, माल उघड्यावर पडला आहे, उद्या ड्रम सुरू झालाच पाहिजे. आणि ज्या बाईनं बघून सांगितलं नाही तिला कामावरून काढल्याचा ठराव आजच करा. वर म्हणाले, "सर, तुमी तर दर आठवड्याला विचारता. मग दोष कोणाचा?"

सरांनी मला मागच्या सोमवारची नोंद वाचायला सांगितली.

मी वाचली. एकेकाच्या नावापुढे काय लिहिलंय ते वाचत गेले. सर्व ठीक. माल बराबर. सर्व ठीक. ऑपरेटर, तकलीफ नाही. जवळ्याचीच्या पुढे, सर्व ठीक. माझं अक्षर छान आहे. शाळेत त्यासाठी बक्षीस मिळालं होतं. मी वही मिटली आणि बोलले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, वर्गात कोणीतरी दुसरी मुलगी बोलतेय असं वाटलं.

"तिनं सांगितलं होतं. अपघाताच्या आधीच्या गुरुवारी. मला सांगितलं होतं आणि सरांना सांगा म्हणाली होती. मी सांगितलं नाही."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. संचालक म्हणाले, "मग काहून न्हाई सांगितलं?"

मी म्हटलं, "मी वही लिहीत होते."

हे उत्तर नव्हतं हे मला कळत होतं. पण तेवढंच आलं. कोणी हसलं नाही. मला वाटलं, आता सर बोलतील, मला जायला सांगतील. मी मनात घरापर्यंतचा रस्तासुद्धा धरला होता. सर ताडपत्रीकडे बघत होते. मग नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "तो आवाज मी पण ऐकला होता."

आधी कोणाला कळलंच नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. म्हणाले, माझ्या खोलीला दार नाही. आठवडाभर ती खडखड मला ऐकू येत होती. जाळीची असणार हेही मला कळलं होतं, पुण्यात मी मशीनवरच काम केलंय. मी उठून बघायला हवं होतं. पण मी थांबलो. मला वाटलं, मीच प्रत्येक वेळी आधी जाऊन बोट दाखवलं तर तुम्ही कधीच बोलायला शिकणार नाही. सोमवारी कोणीतरी स्वतःहून सांगेल, याची मी वाट बघत होतो. कोणी सांगितलं नाही. मग मी ठरवलं, अजून एक सोमवार थांबू.

ते इतकं सरळ बोलले की ते ऐकायलाच भीती वाटली. मी सरांकडे बघू शकत नव्हते. मला वाटत होतं की फार तर त्यांना माहीत नसल्याबद्दल कोणी त्यांना दोष देईल. त्यांना माहीत होतं, ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला तयार नव्हती. ह्याच माणसानं दार काढलं होतं. हेच खाली बसले होते. जे आमच्या तोंडून ऐकू यावं म्हणून त्यांनी एवढं केलं, ते त्यांना आम्ही बोलायच्या आधीच ऐकू आलं होतं.

गोरेगावची बोलली. पाळी तिची नव्हती. "म्हणजे सर, तुमी आमची परीक्षा घेऊन राहिले होते?" तिच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "माणसाचा हात मधी ठेवून?"

सर म्हणाले, "हो. तसंच झालं."

संचालकांनी घसा साफ केला आणि ठरावाचं काही पुन्हा बोलले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले की ड्रम मात्र उद्या सुरू करा, पावसाला काय सांगणार.

त्याच दुपारी सर आणि मी ऑपरेटरांच्या घरी गेलो. ते अंगणात बाजेवर बसले होते, पट्टी बांधलेला हात उशीवर. त्यांची बायको दारात उभी राहिली. तिनं या म्हटलं नाही. मी तिच्यासमोर उभी राहून तेच पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा ते सोपं जात नाही, असं मला कळलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दवाखान्यात तुमी तिथंच होत्या की." मी हो म्हटलं. तिनं आणखी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

सरांनीही आपलं सांगितलं. ऑपरेटर ऐकत होते. दोघांचं संपल्यावर म्हणाले, "तुमी दोघं असं काहून बोलून राहिले, जसं काय मला ठाऊकच न्हवतं? हात माझा, जाळी माझ्यासमोर. बोल्ट पडला त्याच दिवशी मला दिसला होता."

सरांनी विचारलं, मग सोमवारी का नाही सांगितलं.

ऑपरेटर थोडे लाजले. बोटं गेलेला माणूस लाजतोय आणि आम्ही उभे आहोत, हे बघवत नव्हतं. म्हणाले की सर नेहमी सगळ्यांसमोर म्हणायचे, हे जिथे आहेत तिथे मला बघावं लागत नाही. असं नाव झाल्यावर त्याच लोकांसमोर कसं सांगणार की माझ्याच मशीनचा बोल्ट नाही? आठवड्याच्या बाजाराला वसमतला जाऊन स्वतःच आणून बसवू, असा त्यांचा विचार होता. बाजार गुरुवारी. पहिल्या गुरुवारी कामातून निघता आलं नाही. पुढच्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, हात गेला.

म्हणजे चौघांना माहीत होतं. तिला, मला, सरांना आणि ज्यांचा हात होता त्यांना. चौघं दर सोमवारी एकाच ताडपत्रीवर बसत होतो आणि प्रत्येकजण दुसऱ्या कोणाचा तरी मान ठेवत होता. ह्या गोष्टीत वाईट माणूस शोधायचा मी नंतर खूप प्रयत्न केला. सापडला असता तर मला झोप बरी लागली असती.

ऑपरेटर बायकोला म्हणाले, "तिला आणायला मी जातो उद्या."

"तुमी?" ती म्हणाली. "भासरा कधी भावजयीला आणायला जात असतो काय? लोक काय म्हणतील?"

"हात गेला माझा. पाय हायेत."

ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला. नको असं मात्र ती म्हणाली नाही.

मंगळवारी सकाळी सरांच्या गाडीतून आम्ही तिघं जवळा बाजारला गेलो. जवळ्याचीचं माहेर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. तिच्या वडिलांनी आम्हाला ओसरीत बसवलं, पाणी दिलं. ती आतल्या दाराआड उभी होती. चौकटीच्या बाजूला तिच्या लुगड्याचा काठ आणि पायाची बोटं तेवढी दिसत होती. मी आधी बोलले, तिसऱ्यांदा.

मग ऑपरेटरांनी तिच्या वडिलांकडे बघून सुरुवात केली, "तिला सांगा की," आणि थांबले. जन्मभर ते असंच बोलत आले होते. त्यांनी बसल्या जागी वळून दाराकडे तोंड केलं.

"तुझ्याशीच बोलून राहिलो, बाई. माझ्यापायी तुला गप बसावं लागलं. इथून पुढं काही दिसलं तर मला सांग. माझ्याच तोंडावर सांग. घरी चल, लेकरू वाट बघून राहिलं."

वडील खाली बघत होते. सर खाली बघत होते. मला वाटलं, ती आत निघून गेली असेल. मग दाराआडून तिचा आवाज आला, बारीक, पण स्पष्ट. वडिलांना नाही, माझ्यामार्फत नाही, सरळ त्यांनाच तिनं विचारलं.

"पट्टा बदलला काय?"

"कोणता पट्टा?" ऑपरेटर म्हणाले.

"जाळीच्या आतला. घमेलं भरते ना मी, त्या बाजूनं दिसतो. एका कडेनं चिरला हाय, बोटभर. मला तेबी सांगायचं होतं."

ऑपरेटरांनी सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे. मिस्त्रीनं जाळी बसवली होती, बोल्ट बसवले होते. पट्ट्याचं कोणी काही बोललं नव्हतं. आणि ड्रम आज सकाळी आठला, बदलीच्या माणसाच्या हाती, सुरू झाला होता. जवळ्याचीच्या जागेवर, ड्रमच्या अगदी जवळ, घमेलं भरायला आज गोरेगावची होती.

सरांनी गोरेगावचीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी गोरेगावचीनं उचलला आणि फोनमधून ड्रमचा आवाज ओसरीभर पसरला. सर म्हणाले, ड्रम बंद करा. ती म्हणाली, काय? सर पुन्हा म्हणाले. त्यांचा आवाज तसाच, बैठकीतला. त्यांना मोठ्यानं बोलायची सवयच नव्हती. "काही ऐकू न्हाई येऊन राहिलं सर," गोरेगावची म्हणत होती, "माल भरून राहिले मी, मागून बोला."

जवळ्याची दाराबाहेर आली. भासऱ्यांच्या पुढून, त्यांच्यात आणि सरांमध्ये जी थोडी जागा होती तिथून ती आली आणि तिनं सरांच्या हातातला फोन घेतला. डोक्यावरचा पदर तिनं एका हातानं धरून ठेवला होता.

"मावशे, बटन दाब. बंद कर आधी. पट्टा चिरला हाय, तुटून अंगावर येईल."

तिकडून गोरेगावचीनं काहीतरी विचारलं. भासरे दोन हातांच्या अंतरावर बसून तिच्याकडे बघत होते. तिनं आवाज कमी केला नाही. तिनं तेच परत सांगितलं, आणखी मोठ्यानं.